पितळ, अ‍ॅल्युमिनियम आणि कुंभकोणमची समई

गेल्या सत्रात किट इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री आठवीतल्या एका कॅडेटने आपला सोनेरी कॅप बॅज ब्रासो लावून अर्धा तास घासला. सकाळी बॅज पांढरट-करडा झालेला. शिक्षा कोणी केली नाही, पण पोरगा रडवेला झाला होता, कारण तो बॅज त्याच्या मोठ्या भावाचा होता. "सर, मी तर इतरांपेक्षा जास्त मेहनत केली," असे तो म्हणाला, आणि ते खरेच होते. बॅज पितळेचा नव्हता, एवढेच त्याला माहीत नव्हते.

त्याला रागावण्याचा अधिकार मला नाही. बारावीची परीक्षा झाल्यावर सुटीत मी याहून मोठे नुकसान केले आहे.

माझे आजोळ कुंभकोणमचे. भोसले राजांच्या काळात तंजावर मुलखात गेलेल्या आणि तिथेच राहिलेल्या मराठी घरांपैकी ते एक. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधले हे गाव देवळांसाठी प्रसिद्ध आहे, तसेच पितळेच्या भांड्यांसाठीही. आजीकडे एक उंच समई होती. तिच्या बैठकीच्या कडेला देवनागरीत एक नाव आणि एक साल कोरलेले होते. नाव आजीच्या आजीचे. दर शुक्रवारी समई घासली जाई, त्यामुळे अक्षरे आधीच पुसट झाली होती. मी उत्साहाने शेजारच्या वर्कशॉपमधून बफचे चाक लावलेली मोटर आणली आणि तासाभरात समई सोन्यासारखी लखलखीत केली. आजी आली, खाली बसली, बैठकीच्या कडेवरून तिने बोट फिरवले आणि विचारले, "नाव कुठे गेलं रे?"

दुसऱ्या दिवशी मामा मला आणि समईला घेऊन बसने नाच्चियारकोविलला गेले. कुंभकोणमपासून साधारण दहा किलोमीटरवरचे हे गाव. तिथली समई, तमिळमध्ये कुत्तुविळक्कु, इतकी नावाजलेली आहे की तिला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. एका वयस्कर पत्तरांनी समई हातात घेतली, अंगठा फिरवला आणि तमिळमध्ये काहीतरी म्हणाले. मामांनी मला सांगितले, "ते म्हणतात, अक्षरं नवीन कोरून देईन, पण ती माझ्या हातची होतील." मामांनी कोरून घेतली नाहीत. पण त्या दिवशी आम्ही तिथे संध्याकाळपर्यंत बसलो, आणि घासणे म्हणजे काय हे मी तिथे पाहिले.

समई एकसंध नसते. बैठक, खांब, तेलाची वाटी आणि वरचा हंस हे भाग वेगवेगळे ओततात आणि आटे पाडून एकमेकांत फिरवून बसवतात. ओतण्यासाठी साचा वाळूचा, आणि वाळू कावेरीच्या पात्रातली, अगदी बारीक. साच्यातून निघालेला भाग पाहिला तर कोणी त्याला समई म्हणणार नाही: काळपट, खरखरीत, कडेला धातूचे ओघळ. मग कानस, मग लेथ, मग पॉलिश. मला वाटले होते की चमक शेवटी 'लावतात'. तसे नसते. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचे ओरखडे काढायचे असतात, आणि ते काढताना नवे, पण आधीपेक्षा बारीक ओरखडे पडतात. शेवटचे ओरखडे इतके बारीक होतात की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यालाच आपण चमक म्हणतो.

आता हे भौतिकशास्त्राच्या तासाला जोडून पाहा. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर. पृष्ठभागावरचे खड्डे-उंचवटे याहून बरेच मोठे असतील तर प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि धातू मंद दिसतो. ते याहून बरेच लहान झाले की किरण शिस्तीत परततात आणि तुम्हाला तुमचा चेहरा दिसतो. २२० नंबरच्या पॉलिश पेपरचा कण साधारण ६५ ते ७० मायक्रॉनचा असतो, १००० नंबरचा १८ मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे १००० नंबरनंतरही आरसा फार दूर असतो, तिथून पुढे पेस्ट आणि मऊ कापड लागते. पायरी गाळली तर काय होते? २२० नंतर एकदम पेस्ट लावली तर खोल ओरखडे तसेच राहतात, फक्त त्यांच्या कडा चमकतात. लांबून झकास, जवळून जाळी. म्हणून जाणते कारागीर प्रत्येक नव्या नंबरला हाताची दिशा काटकोनात बदलतात. जुने ओरखडे आडवे आणि नवे उभे असले की जुने संपले की नाही ते लगेच कळते. युक्ती साधी आहे, पण तुमच्यापैकी बहुतेक जण बक्कल गोल गोल घासतात हे मी रोज पाहतो.

यातून समईचा हिशेबही कळतो. घासताना धातू जातोच. दर वेळी मायक्रॉनचा दहावा भाग गेला असे समजा. वर्षाचे ५२ शुक्रवार, साठ वर्षे. ३१२ मायक्रॉन, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश मिलिमीटर. हाताने कोरलेले अक्षर याहून फारसे खोल नसते. आजीच्या घरातल्या बायकांनी साठ वर्षांत जेवढे झिजवले, त्यातले उरलेसुरले मी बफने एका तासात उडवले.

पितळेची रसायनेही पाहू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. हवेत तांब्याचे ऑक्साइड तयार होते, थोडे सल्फाइडही, आणि भांडे काळवंडते. चिंचेतले टार्टारिक आम्ल हे ऑक्साइड विरघळवते. म्हणजे चिंच मुळात घासत नाही, ती मळ सोडवते. घासते ती राख किंवा विटकरीची पूड. आपल्या आज्या दोन्ही एकत्र वापरत, पण नक्षीच्या किंवा नावाच्या भांड्याला नुसती चिंच पुरते. मात्र आम्ल जास्त वेळ ठेवू नये. जस्त आधी निघून जाते आणि पितळेवर गुलाबी-तांबूस डाग राहतो. पालकांपैकी अनेकांनी देवाची भांडी चिंचेत रात्रभर भिजवून हा डाग पाहिला असेल. लावा, चोळा, धुवा, आणि लगेच कोरडे करा. पाणी अंगावर वाळू दिले तर सगळी मेहनत ठिपक्यांत जाते.

ब्रासोसारख्या पॉलिशला जो उग्र वास येतो तो अमोनियाचा. अमोनिया आणि पितळ यांचे एक जुने लष्करी वैर आहे, ते कॅडेट्सना माहीत असायला हवे. ब्रिटिश अमलात भारतातल्या छावण्यांत पावसाळ्याच्या दिवसांत काडतुसे तबेल्यांत साठवून ठेवत. पावसाळा संपून ती बाहेर काढली की पितळी केसांना आपोआप चिरा पडलेल्या आढळत. कोणी हात लावला नव्हता, गोळी झाडली नव्हती. ऋतूशी संबंध दिसला म्हणून इंग्रजीत त्या प्रकाराचे नाव सीझन क्रॅकिंग पडले. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत पितळेवर बसत होता, आणि केस ओढून तयार करताना धातूत जो ताण अडकून राहिला होता त्या ताणाच्या जागीच तो पितळ चिरत होता. नुसता ताण असता तर चीर पडली नसती, नुसता अमोनिया असता तरी नाही. उपाय म्हणजे केस बेताने तापवून ताण काढून टाकणे. बऱ्याच देशांच्या लष्करी काडतुसांच्या मानेजवळ जो निळसर-तपकिरी पट्टा दिसतो तो अशाच तापवण्याची खूण असते. तो मळ समजून घासू नका. आणि बक्कल पॉलिश केल्यावर खाचांत पांढरी पुटी ठेवू नका. ती दिसायला वाईट असतेच, शिवाय कापड खराब करते. जुने सैनिक बटणाखाली खाच असलेली पट्टी सरकवून मगच पॉलिश करत, ते गणवेशाला डाग पडू नये म्हणून.

आता अ‍ॅल्युमिनियम. १८८६ मध्ये विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम काढण्याची रीत सापडली आणि हा धातू स्वस्त होऊ लागला. आपल्याकडे त्याची भांडी बनवण्याचा पद्धतशीर प्रयत्न मद्रासला झाला: तिथल्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी १८९८ च्या सुमारास सुरुवात केली आणि १९०० मध्ये त्यासाठी कंपनीही निघाली. पितळेची घनता साधारण साडेआठ, अ‍ॅल्युमिनियमची २.७. एवढ्या एका आकड्यावर या धातूने स्वयंपाकघर, सैनिकाची पाण्याची बाटली आणि विमान हे तिन्ही जिंकले.

पण त्याचा स्वभाव उलटा आहे. अ‍ॅल्युमिनियम उघडे पडताच हवेतला प्राणवायू घेऊन स्वतःभोवती काही नॅनोमीटर जाडीचे ऑक्साइडचे कवच करतो. हे ऑक्साइड म्हणजे अ‍ॅल्युमिना, माणिक आणि नीलम ज्याचे असतात तोच पदार्थ. मऊ धातूवर कठीण कातडी. म्हणून घासताना निघालेले कण स्वतःच ओरखडे पाडतात, आणि कापड लगेच काळे होते. कापड सारखे बदलावे लागते. आणि राख, धुण्याचा सोडा यांना इथे हातही लावायचा नाही. अल्कलीत हे कवच विरघळते आणि भांडे काळे पडते. पितळेचे औषध अ‍ॅल्युमिनियमचे विष आहे.

या धातूला चमकवण्याची सर्वांत मोठी हौस अमेरिकेत पाहायला मिळते. तिथे मोटारीमागे ओढून न्यायची राहती गाडी असते. १९३०च्या दशकात हॉली बोलस यांनी अशी गाडी अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट मारून केली. लिंडबर्गच्या अटलांटिक पार करणाऱ्या विमानाच्या बांधणीत त्यांचा हात होता. पुढे वॉली बायम यांची एअरस्ट्रीम क्लिपर १९३६ मध्ये आली. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅल्युमिनियम विमानांना हवे होते म्हणून ह्या गाड्या बनणे थांबले. आज त्या काळातल्या आणि युद्धानंतरच्या जुन्या गाड्या लोक महिनोन्‌महिने खपून आरशासारख्या करतात. पद्धत नाच्चियारकोविलचीच, आकार तेवढा मोठा. आधी वर पारदर्शक लेप असेल तर तो रसायनाने पूर्ण काढायचा. मग लोकरी चाकाने जाड पेस्ट, मग मध्यम, मग बारीक. शेवटी गोल फिरत फिरत सरकणाऱ्या यंत्राने मऊ कापडाचा हात, म्हणजे चाकाच्या फेऱ्यांचे वर्तुळाकार ठसे जातात. एका वेळी दोन हात लांबी-रुंदीचाच तुकडा घ्यायचा आणि उन्हात काम करायचे नाही, कारण पत्रा तापला की पेस्ट वाळून चिकटते.

आणि इथेही आजीच्या समईचीच अडचण आहे. विमानाचा पत्रा हा ताकदीसाठी तांबे मिसळलेला मिश्रधातू असतो. तो गंजू नये म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. पातळ पत्र्यात हा थर एका बाजूला जाडीच्या पाच टक्के असतो. ०.८ मिलिमीटरच्या पत्र्यावर तो ०.०४ मिलिमीटर, कागदाहूनही पातळ. चमकतो तो हाच, आणि पत्र्याला वाचवतोही हाच. हौशी माणूस खरखरीत पेपरने सुरुवात करतो तेव्हा तो गाडीचे चिलखत काढून टाकत असतो.

आमच्या आठवीच्या कॅडेटचा बॅज याच घराण्यातला. हल्लीचे पुष्कळ बॅज आणि बटणे अ‍ॅल्युमिनियमची असतात. विजेच्या साहाय्याने त्यांच्यावरचे ऑक्साइडचे कवच जाड करतात आणि त्याच्या छिद्रांत सोनेरी रंग भरून वरून बंद करतात. याला अ‍ॅनोडायझिंग म्हणतात. त्याला पॉलिश लागतच नाही. ओल्या मऊ कापडाने पुसा, कोरडे करा, झाले. सोनेरी रंग एकदा गेला की वसतिगृहातल्या कोणत्याही उपायाने परत येत नाही.

मग ओळखायचे कसे? हातात घेऊन वजन पाहा: पितळ जाणवते. चुंबक लावा: चिकटला तर आत लोखंड आहे आणि वरचा रंग मुलाम्याचा. नंतर मागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पांढऱ्या सुती कापडाने किंचित पॉलिश घेऊन चार वेळा चोळा. कापड काळे झाले तर धातू उघडा आहे, पुढे जा. स्वच्छच राहिले तर वर लेप आहे, तिथेच थांबा. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. कॅडेट्स हे करत नाहीत, कारण रात्री साडेनऊला दिवे बंद व्हायचे असतात, हे मलाही ठाऊक आहे. शनिवारी दुपारी करा.

प्रशस्तिपत्रकांच्या कपाटातल्या चषकांबद्दलही सांगून ठेवतो. वार्षिक दिनाआधी ते दरवर्षी घासले जातात. या वर्षी दोन कॅडेट्सना घेऊन मी त्यांवरच्या नावांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलने ठसे घेतले. नवीन चषकांचे ठसे स्वच्छ आले. सगळ्यांत जुन्या चषकाच्या पहिल्या तीन ओळींपैकी फक्त एक साल उमटले आणि एका नावाचे शेवटचे अक्षर. तो चषक आता घासायचा नाही, मऊ ब्रशने धूळ झटकायची, असे हाउस मास्तरांशी बोलून ठरवले आहे. जुन्या छात्रांपैकी कोणाकडे त्या नावांची यादी किंवा चषकाचा फोटो असेल तर शाळेकडे पाठवावा.

समई आता मामेभावाकडे कुंभकोणमला आहे. दर शुक्रवारी नुसती चिंच आणि पाणी. मागच्या दिवाळीत मी बॅटरीचा झोत बैठकीवर अगदी आडवा धरून पाहिला. सालातला एक आकडा दिसतो, आठ असावा.