ओट्याच्या सागवानी फळीला तेल पाजताना

पोरी, ओट्यावरची सागाची फळी काळवंडली म्हणून ती काढून ग्रॅनाइट बसवायचं तुझ्या मनात आहे असं कळलं. घाई करू नकोस. खराब झालाय तो वरचा कागदाएवढा थर. त्याखाली लाकूड जसंच्या तसं आहे, आणि ते वर आणायचं काम तुझ्या हातून होण्यासारखं आहे.

फक्त पावसाळ्यात हात लावू नकोस. तेव्हा फळी हवेतला ओलावा पिऊन फुगलेली असते आणि तेल वाळता वाळत नाही. होळी झाली की काम काढ.

आधी सोडा घातलेल्या कोमट पाण्याने तेलकटपणा काढ आणि दोन दिवस पूर्ण सुकू दे. मग ८० नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घे. नुसत्या बोटांनी घासलंस तर खळगे पडतात. घासायचं ते लाकडाच्या रेषेबरोबरच. आडवे ओरखडे आता दिसणार नाहीत, पण तेल लागलं की एकेक उठून दिसेल. ८० नंतर १२०, मग १८०. तोंडाला फडकं बांध, सागाच्या भुशाने शिंका येतात, अंगाला खाजही सुटते. १८० झाला की ओल्या फडक्याने फळी पूस. लाकडाची लव उभी राहील. ती वाळली की २२० चा हलका हात फिरव. ही पायरी पुष्कळजण गाळतात आणि पहिल्यांदा पाणी सांडलं की फळी खरखरीत का झाली म्हणून विचारतात.

ओल्या लोखंडी कढईखाली पडलेलं काळं वर्तुळ घासून गेलं नाही तर लिंबाचा रस चोळ, अर्ध्या तासाने धुऊन टाक, फिकं होईल. हळदीच्या डागासाठी काहीच चोळू नकोस. खिडकीतून ऊन येऊ दे, हळद उन्हात आपोआप उडते.

आता तेल. सगळं काम इथे तरतं किंवा बिघडतं. तरुणपणी मी आईच्या पाटाला खोबरेल चोळलं होतं. चार दिवस सुंदर दिसला, महिन्याभरात चिकट झाला आणि खवट वास मारू लागला. खोबरेल, शेंगदाण्याचं तेल लाकडात कधीच वाळत नाही. जवसाचं तेल मात्र हवेतला प्राणवायू घेऊन आतल्या आत घट्ट होतं. घाण्यावरचं, खायचं जवस तेल आण. हार्डवेअरच्या दुकानात ‘बॉईल्ड’ म्हणून मिळतं त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. जिथे कणीक मळायची, भाजी चिरायची, तिथे ते नको. लाखेचं पॉलिशही नको. कपाटाला ते शोभतं, पण ओट्यावर पाणी नि गरम भांडं लागलं की पांढरं पडतं.

फडक्याने अगदी पातळ हात दे. वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने वरचं सगळं तेल पुसून घे. वाया गेलं असं वाटू देऊ नकोस, लाकडाला हवं तेवढं ते प्यायलेलं असतं आणि वर राहिलेल्याची चिकट साय धरते. बोटाला कोरडं लागेपर्यंत पुढचा हात नाही. कच्च्या तेलाला त्यासाठी तीन-चार दिवस लागतात, कधी आठवडाही. असे चार हात दे. महिनाभर स्वयंपाक दुसऱ्या बाजूला करावा लागेल, तो कर. फळी सुटत असेल तर खालूनही तेल दे, नाहीतर एकच बाजू ओलावा पिते आणि फळी द्रोणासारखी वाकते.

शेवटी पाण्याचा थेंब टाकून बघ. मोत्यासारखा उभा राहिला तर काम झालं. पसरून आत मुरला तर आणखी एक हात दे. पुढे वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, एवढंच पुरे.

आणि एक गोष्ट, जी विसरलीस तर बाकी सगळं व्यर्थ. जवस तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. तेल वाळताना तापतं, आणि दाबून ठेवलेल्या बोळ्यात ती ऊब साठत जाऊन काडी न लावता आग लागते. प्रत्येक वेळी काम संपलं की फडकी बादलीभर पाण्यात बुडव, आणि मगच हात धुवायला जा.