डॉक्टर माझ्याशी बोलले म्हणे

हर्नियाचं ऑपरेशन, दुर्बिणीतून, पूर्ण भूल देऊन, आणि संध्याकाळी घरी. डे-केअर म्हणतात त्याला. ऑपरेशन उत्तम झालं, टाक्यांचा काही त्रास नाही. जे बिघडलं ते नंतर, घरच्या पलंगावर.

आदल्या रात्री झोप लागावी म्हणून अल्प्राझोलमची गोळी दिली होती. सकाळी थिएटरबाहेर सलाइनच्या सुईतून मिडाझोलम. "काका, जरा गुंगी येईल हं," असं सिस्टर म्हणाल्या, तेवढं आठवतं. पुढचं आठवतं ते थेट घरचा पंखा. मधल्या वेळात मी उठून बसलो, चहा प्यायलो, सर्जनशी बोललो, कागदावर सहीसुद्धा केली, असं बायको सांगते. सही फाइलमध्ये आहे: आडनाव ओळीखाली घसरलेलं, शेवटचं अक्षर शेजारच्या रकान्यात. या औषधांचा गुणच तो. माणूस जागा दिसतो, नीट उत्तरं देतो, पण त्या वेळचं डोक्यात काही राहत नाही. भित्र्या माणसाला हे बरंच. घरी जातानाच्या सूचना मात्र अशा माणसाला सांगून काय उपयोग?

सर्जननी सांगितलं होतं म्हणे, की दुखण्यासाठी ट्रामाडॉल दिलंय, तेव्हा झोपेची गोळी आता बंद. सांगितलं मला. बायको तेव्हा खाली बिलाच्या खिडकीशी रांगेत. डिस्चार्ज कार्डावर त्याचा उल्लेख नाही, आणि अल्प्राझोलमची पट्टी पिशवीत तशीच, पाकिटावर 'रात्री १' लिहिलेलं. तिने दिली. मध्यरात्री माझं घोरणं मध्येच थांबतंय आणि हलवूनही मी डोळे उघडत नाही, हे पाहून तिने शेजाऱ्यांना उठवलं. उरलेली रात्र मी ऑक्सिजनवर काढली. ट्रामाडॉल अफूच्या जातकुळीतलं. त्यावर झोपेची गोळी पडली की दोन्ही मिळून श्वास मंदावतो. घोरणाऱ्यांना धोका अधिक. मी घोरतो का, हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

मुळात गोळी हवी होती का? फ्रान्समध्ये हजाराहून जास्त रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ऑपरेशनआधी लोराझेपाम, म्हणजे अल्प्राझोलमच्याच जातीची गोळी, घेतलेल्यांना सगळा अनुभव इतरांपेक्षा सुखाचा गेला असं काही दिसलं नाही. उलट श्वासाची नळी काढायला आणि डोकं ताळ्यावर यायला त्यांना जास्त वेळ लागला. भीतीने ज्याचे हातपाय गार पडतात त्याची गोष्ट निराळी. पण सरसकट सगळ्यांना कशाला?

उपाशी राहण्याचे नियम सगळ्यांना पाठ असतात, ते पुन्हा सांगत नाही. भूलतज्ज्ञ भेटायला येतील तेव्हा घोरणं, रोजच्या झोपेच्या गोळ्या, पिणं, सगळं उघड सांगा. विचारायची वाट पाहू नका. रुग्ण सत्तरीपुढचा असेल तर गुंगीच्या औषधाने तो नंतर भ्रमिष्टासारखा वागू शकतो, हेही बोलून घ्या. संमतीपत्रावरची सही गुंगीच्या इंजेक्शनाआधीच व्हायला हवी. सोबत येणारं माणूस नुसती धावपळ करणारं नको, कान देऊन ऐकणारं हवं, आणि सर्जन येतील तेव्हा हे माणूस खाटेशेजारीच पाहिजे. बिल थांबतं, हो. घरी आल्यावर चोवीस तास गाडी, दारू, गॅसपाशी एकट्याने उभं राहणं आणि सह्या-व्यवहार बंद. 'मला आता बरं वाटतंय' हे रुग्णाचं मत त्या दिवशी धरू नका. रात्री कुणीतरी त्याच खोलीत झोपा. हलवूनही माणूस जागा होत नसेल तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा.

आणि आधीच्या गोळ्यांची पट्टी उरली असेल तर हॉस्पिटल सोडण्यापूर्वी ती सिस्टरांसमोर ठेवा. यातलं काय बंद, ते त्यांच्याकडून कार्डावर लिहून घ्या.