बारावी सायन्सनंतर चित्रकला?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. आता म्हणते, चित्रकलेचीच पदवी घेणार. चालेल का?
– एक पालक, रत्नागिरी

उत्तर : चालेल. बीएफएला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, कोणत्याही शाखेची बारावी चालते. अभ्यासक्रम ४ वर्षांचा. त्यासाठी राज्याची एएसी सीईटी असते : वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. मुलं अडतात ती बहुधा स्मरणचित्रात. तिला मिरकरवाड्याला मासळीचा लिलाव बघायला पाठवा आणि घरी आल्यावर, मोबाइलमधला फोटो न बघता, तिथली माणसं काढू द्या. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट (स्थापना १८५७) सगळ्यांनाच हवं असतं. पण आपल्याच जिल्ह्यात, सावर्ड्याला सह्याद्री स्कूल ऑफ आर्ट आहे, ते आधी पाहून या. कुठेही प्रवेश घ्या, हातात पदवी पडणार की पदविका, एवढं फी भरण्याआधी विचारा.