क्रोमवर रंग टिकतो कसा?
जुन्या मोटारींचे काम करणाऱ्या कारागिरांसाठी

जुनी मोटार नव्यासारखी करून घेणारे गिऱ्हाईक इंजिनाइतकेच आतल्या सजावटीकडे पाहते. दाराचे हँडल, काच वर-खाली करण्याची मूठ, डॅशबोर्डवरील पट्टी, मीटरभोवतीची कडी हे क्रोमचे भाग हाताच्या घामाने आणि दमट हवेने खराब होतात. मग मालक म्हणतो, "यावर रंग मारून द्या." काम किरकोळ वाटते, पण तीन महिन्यांत रंगाचे पापुद्रे निघाले की तेच गिऱ्हाईक भांडायला येते.

मुंबईत प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ साली झाली. वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून धावणे बंद झाले. आता ज्या पद्मिनी उरल्या आहेत, त्या हौशी मालकांनी जपलेल्या आहेत. टॅक्सीवाल्याला गाडी लवकर रस्त्यावर हवी असे. हौशी मालकाला टिकाऊ काम हवे असते. त्यासाठी तो चार पैसे जास्त मोजतो, आणि काम बिघडले तर दहा जणांना सांगतो.

रंग का सुटतो?

क्रोमचा थर फार पातळ असतो, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. खरी चमक आणि संरक्षण त्याखालच्या निकेलच्या थराचे असते. क्रोमचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत असल्यामुळे रंगाला धरायला जागाच मिळत नाही. कोऱ्या कापडाची खळ काढल्याशिवाय रंगारी ते रंगाच्या हौदात टाकत नाही, कारण रंग वरवर बसून धुलाईत जाईल. इथेही तोच कायदा आहे.

आधी भाग ओळखा

सुटा केलेला भाग आतील बाजूने कानशीने जरासा घासून पाहा. चुंबक घट्ट चिकटले तर लोखंड. पिवळा दिसला तर बहुधा पितळ. करडा, आणि चुंबक न धरणारा असेल तर बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव भाग. वजनाला अगदी हलका असेल तर प्लास्टिक. पितळ आणि लोखंडाला पुन्हा मुलामा देता येतो. जस्ताच्या भागावर फोड आले असतील तर मुलाम्याचे काम अवघड आणि महाग पडते. प्लास्टिकचा मुलामा साध्या प्लेटिंगच्या कारखान्यात होत नाही. अशा ठिकाणी रंग हा चांगला उपाय आहे.

मूळ क्रोम शाबूत असेल तर मात्र मालकाला नुसते पॉलिश सुचवावे. एकदा कागद फिरला की ती चमक पुन्हा मुलामा दिल्याशिवाय परत येत नाही.

कामाची रीत

१. भाग गाडीतून काढूनच काम करावे. जागेवर चिकटपट्टी लावून मारलेला रंग कडेने आधी सुटतो.

२. घासण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने धुवावे, नंतर ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसावे. डॅशबोर्डच्या पॉलिशमधील सिलिकॉन राहिले तर रंगात बारीक खड्डे पडतात. प्लास्टिकवर कडक थिनर वापरू नये. धुतल्यावर पाणी थेंब थेंब न होता सलग पसरले, तर तेल निघाले असे समजावे.

३. ३२० नंबरचा वॉटर पेपर ओला करून सगळी चमक मरेपर्यंत घासावे, मग ४०० नंबरचा फिरवावा. घट्ट बसलेले क्रोम पूर्ण काढण्याची गरज नाही. सुटलेले मात्र सगळे काढावे आणि त्याची कड बोटाला लागणार नाही इतकी उतरती करावी. कोपऱ्यात आणि अक्षरांच्या खाचांत चमक राहिली, तर रंग तिथूनच सुटतो.

४. पुन्हा धुऊन, पूर्ण वाळवून दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचे पातळ अस्तर द्यावे. प्रमाण डब्यावर लिहिलेलेच घ्यावे, अंदाजाने नाही. उघड्या जस्तावर थेट ऑइल पेंट कधीही मारू नये, तो सुटतोच. प्लास्टिक उघडे पडले असेल तर त्या जागी प्लास्टिकचा प्रायमर आधी लावावा.

५. खड्ड्यांत लांबी भरायची ती अस्तरानंतर. मग घासून पुन्हा अस्तर, आणि त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात. एकच जाड हात ओघळतो आणि आतून कच्चा राहतो. पावसाळ्यात दमट हवेत लॅकरवर पांढरट झाक येते, म्हणून कोरड्या दिवसाची वाट पाहावी.

६. रंग हाताला सुकला म्हणजे पक्का झाला असे नाही. रोज हात लागणारे भाग आठवडाभर ठेवूनच बसवावेत.

पारख

त्याच रीतीने रंगवलेल्या एखाद्या टाकाऊ तुकड्यावर ब्लेडने दोन-दोन मिलिमीटर अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा ओढाव्यात. चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यात ओढावी. चौकोन पट्टीबरोबर निघाले तर तयारी कच्ची आहे. ही पारख आपल्या दुकानात झालेली बरी, गिऱ्हाईकाच्या गाडीत नको.

जिवाची काळजी

क्रोम-निकेल कोरडे घासू नये. धूळ छातीत जाते, आणि निकेलने अनेकांच्या कातडीला खाज सुटते. हार्डनर असलेल्या पीयू रंगातील आयसोसायनेटने दमा जडू शकतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. योग्य फिल्टरचा मुखवटा आणि मोकळी हवा हवी. दुकानात लहान पोरे असतील तर त्यांना फवारणीच्या वेळी बाहेर ठेवावे. ॲसिडने क्रोम उतरवण्याचे काम घरी करू नये. ते प्लेटिंगवाल्याकडे द्यावे; ते पाणी गटारात सोडण्याजोगे नसते.

व्यवहार

दर नगावर न सांगता तयारीच्या मेहनतीवर सांगावा. नगावर घासाघीस झाली की पहिली काटछाट घासण्यातच होते. काय करणार, किती दिवस लागतील आणि रंग म्हणजे क्रोम नव्हे, हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. चंदेरी रंगाला "क्रोम" म्हणून विकणे ही फसवणूक आहे, आणि पहिल्याच ओरखड्याला ती उघडी पडते. इतक्या तयारीचे पैसे द्यायला मालक राजी नसेल, तर नम्रपणे काम परत करावे. जुन्या गाड्यांचे मालक एकमेकांना ओळखतात. सुटलेल्या रंगाची बातमी त्यांच्यात लवकर पोचते आणि टिकलेल्या कामाचीही.