लेकीची पहिली निवासी सहल

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. १० वर्षांची मुलगी शाळेबरोबर ३ रात्री साहस केंद्रात जाणार आहे. कयाकिंग, झिपलाइन असं सगळं आहे. पाठवावं का?

उत्तर : जरूर पाठवावं, पण आधी केंद्राचा परवाना विचारावा. मार्च १९९३ मध्ये लाइम बे इथे कयाकिंगला गेलेली ४ शाळकरी मुलं दगावली. त्या संतापातून १९९५ चा कायदा आला. १८ वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन जलक्रीडा, प्रस्तरारोहण, गुहाभ्रमण किंवा दुर्गम भागातली पदभ्रमंती घडवणाऱ्या केंद्रांना परवाना लागतो.

गंमत म्हणजे झिपलाइन त्यात येतच नाही! तिची तपासणी कोण करतं, प्रशिक्षक कितपत शिकलेले आहेत, हे वेगळं विचारावं.

शाळेच्या फॉर्मवर दमा, अ‍ॅलर्जी, शाकाहार, झोपेत अंथरूण ओलं होणं, यातलं काहीही लपवू नये. कपडे जुनेच द्यावेत, चिखल ठरलेला असतो.

खर्च जड जात असेल तर शाळेच्या कार्यालयात जरूर बोलावं. ठरावीक सरकारी भत्ते मिळणाऱ्या कुटुंबांना, सहल शाळेच्या वेळेत असेल तर, इंग्लंडच्या सरकारी शाळांत राहण्या-जेवणाचा खर्च माफ असतो.