पेन ड्राइव्ह आणि कार्यालयीन संगणकाची सुरक्षितता

ग्रामपंचायती, शाळा व शासकीय कार्यालये यांतील बहुतेक नोंदी आता संगणकावर ठेवल्या जातात. जो संगणक इंटरनेटला जोडलेला नाही तो निर्धोक, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. हा समज चुकीचा आहे. झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी नेलेला पेन ड्राइव्ह परत येताना तेथील व्हायरसही बरोबर आणू शकतो.

अमेरिकेच्या संरक्षण खात्यास २००८ मध्ये याचा कटू अनुभव आला. मध्यपूर्वेतील एका लष्करी तळावर सदोष पेन ड्राइव्ह लॅपटॉपला जोडला गेला. त्यातील उपद्रवी प्रोग्राम कोणाच्याही लक्षात न येता गोपनीय यंत्रणेपर्यंत पसरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खात्याने अशा ड्राइव्हच्या वापरास मनाई केली. तत्कालीन उपसंरक्षणमंत्री विल्यम लिन यांनी २०१० मध्ये ही हकीकत जाहीर केली.

धोका केवळ दुष्ट हेतूतूनच उद्भवतो असे नाही. इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेन ड्राइव्ह मुद्दाम टाकून ठेवले होते. त्यांपैकी किमान ४५ टक्के ड्राइव्हमधील फाइली लोकांनी उघडून पाहिल्या, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसून आले. मूळ मालक शोधावा, हाच अनेकांचा हेतू होता.

दुसरा धोका माहिती बाहेर जाण्याचा. लाभार्थ्यांची संपूर्ण यादी काही क्षणांत खिशातून बाहेर जाते आणि ड्राइव्ह हरवल्यास ती कोणाच्याही हाती पडते.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

(१) खासगी अथवा सापडलेला पेन ड्राइव्ह कार्यालयीन संगणकास जोडू नये.

(२) कार्यालयाच्या ड्राइव्हना क्रमांक देऊन त्यांची देवघेव नोंदवहीत लिहावी.

(३) आवश्यकता नसेल त्या संगणकांवर पेन ड्राइव्हचा वापर बंद ठेवावा.

(४) बाहेरून आलेला ड्राइव्ह प्रथम स्वतंत्र संगणकावर तपासावा. मात्र प्रत्येक व्हायरस तपासणीत सापडतोच असे नाही.

(५) नागरिकांची माहिती न्यावी लागल्यास ती पासवर्डने संरक्षित करावी.

(६) संशय येताच संगणक इतर संगणकांपासून अलग करून कार्यालयप्रमुखास कळवावे. शासकीय संस्थांनी असा हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत केंद्र शासनाच्या सर्ट-इन या संस्थेस कळविणे २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे.

शेतकऱ्याचा जमिनीचा उतारा अथवा विद्यार्थ्याची गुणपत्रिका नष्ट झाल्यास त्याची झळ कार्यालयापेक्षा त्यालाच अधिक बसते. त्या मानाने एका नोंदवहीचे कष्ट अल्पच होत.