थेंब टाका, दोन दिवसांत साफ

फाल्गुनात मोहफुलं पडायला लागली की आमच्या पोराचे डोळे लाल. शाळेतून येतानाच मुठींनी चोळत यायचा. गावचा मेडिकलवाला म्हणे, "डोळे आलेत, थेंब टाका, दोन दिवसांत साफ." व्हायचेही साफ. पुन्हा लाल झाले की भाऊजी तीच बाटली आणत. दरवर्षी त्याच ऋतूत, घरात दुसऱ्या कुणाला न लागता डोळे कसे येतात, असं मी विचारलं तर उत्तर काय? "वहिनी, तुम्ही डॉक्टर का?"

शेवटी मीच त्याला गोंदियाला नेलं. डॉक्टरीणबाईंनी वरची पापणी उलटून दाखवली. आत फरसबंदीसारखे दाणे, बुबुळाच्या कडेला पांढरे ठिपके. त्या ठिपक्यांत जंतू नव्हते. इओसिनोफिल होते, आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. म्हणजे ही अ‍ॅलर्जी : परागकण, धूळ लागली की डोळ्यातल्या मास्ट पेशी हिस्टामीन सोडतात, मिनिटांत खाज सुटते. चोळलं की आणखी सोडतात. मागाहून टी पेशी इओसिनोफिलांना बोलावतात आणि त्यांच्यातल्या विषारी प्रथिनांनी बुबुळ सोलवटतं.

मग बाईंनी बाटली मागितली. लेबल वाचलं : डेक्सामेथासोन. लगेच डोळ्याचा दाब मोजला. २८. साधारण २१ च्या आत हवा. "हे कुणी लिहून दिलं?" सोबत आलेले भाऊजी खिडकीबाहेर बघत राहिले.

स्टेरॉइड या सगळ्याच पेशींना गप्प करतं, म्हणून तर डोळे झटक्यात साफ. दुखणं फार वाढलं तर डॉक्टरही देतात, पण थोडे दिवस आणि दाब मोजत. मनाने महिनोन्‌महिने टाकलं तर मोतीबिंदू, काचबिंदू. आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. मेडिकलवाल्याला हे सांगितलं तर म्हणतो, "आराम तर पडत होता ना?"

तेव्हा बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन दिसलं की चिठ्ठीशिवाय घेऊ नका. मास्ट पेशींना आवरणारे थेंब ऋतू लागायच्या आधीच सुरू करायचे असतात, डॉक्टरांना तसं विचारा. सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले तर ते झोंबतात, गुण यायला आठवडे लागतात. घरचे "बेकार औषध" म्हणतील, म्हणू द्या. उन्हाळी धानाच्या मळणीपासून पोराला लांब ठेवा. थंड पाण्याच्या पट्ट्या, उन्हात चष्मा, हे तर सगळेच सांगतात. चोळणं मात्र खरंच थांबवा, बुबुळ शंकूसारखं पुढे येऊ शकतं. दर खेपेला दाब मोजून कागदावर लिहून घ्या.

आमचा दाब उतरलाय. भाऊजी अजून म्हणतात, जुने थेंब लवकर लागू पडायचे.